अखाजीपर्यंत

अर्जातला शेवटचा प्रश्न असा होता: तुम्हाला आमच्या विद्यापीठात का यायचं आहे? उत्तरासाठी खाली आठ ओळी आखल्या होत्या. मी आठही भरल्या. रंगाईच्या कारखान्यांतून खाडीत जाणारं पाणी, त्यातला रंग काढून टाकायच्या पद्धती, आमच्या प्रयोगशाळेतली अपुरी उपकरणं, सगळं सभ्य इंग्रजीत लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण खरं उत्तर एका ओळीत मावलं असतं. मला आतून कडी लावता येईल अशी एक खोली हवी होती.

सुरतेच्या डिंडोलीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यात आम्ही पाच माणसं. माझे दोन धाकटे भाऊ, माय, आबा आणि मी. मागच्या भिंतीला लागूनच मागांचा कारखाना. माग सुरू असले की फळीवरचे स्टीलचे पेले हळूहळू सरकत कडेला येत. जाता-येता त्यांना आत ढकलायची सवय घरात सगळ्यांच्या हाताला लागली होती. आबा माग चालवायचे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळी असली की दिवसा पुढच्या खोलीत ते झोपलेले असत, मग मागच्या खोलीत माय साड्यांना लेस लावत बसे, आणि त्या दोघांच्या मधल्या उंबऱ्यावर मी पुस्तक घेऊन. घराच्या दाराला बाहेरून कुलूप लावायची सोय होती. आतली कडी गंजून केव्हाच पडली होती आणि ती परत बसवावी असं घरात माझ्याशिवाय कुणालाही वाटलं नव्हतं.

एम.एस्सी. झाल्यावर मला विभागातच प्रयोगशाळेत नोकरी लागली. मुलांना द्रावणं तयार करून द्यायची, काचेची भांडी मोजून घ्यायची, फुटली तर नाव लिहून ठेवायचं. लोकांना ती नोकरी मोठी वाटायची. आमच्या समाजातली पहिली मुलगी विद्यापीठात लागली म्हणून माझा नारळ देऊन सत्कारसुद्धा झाला होता. मी नारळ घरी आणला आणि मायने त्याची चटणी केली. बाकी काही बदललं नाही. सकाळी रेल्वेच्या फाटकात अडकायचं, संध्याकाळी त्याच फाटकात अडकायचं. मालगाडी गेली की वाटायचं आता उघडेल, तर दुसरीकडून आणखी एक यायची. वय पंचविशी गाठत आलं होतं आणि मी त्या बंद फाटकापुढे उभी राहून डबे मोजत होते.

त्या वर्षी देवाणघेवाणीच्या योजनेतून एका थंड देशातल्या प्राध्यापिका आमच्याकडे आल्या. तिकडचा एक माणूस इकडे, इकडचा एक तिकडे, अशी ती योजना. विद्यार्थी किंवा कर्मचारी, कुणीही चालत होतं. जायचं-यायचं विमान, राहणं, खाणं, सगळं त्यांच्याकडून. त्या बाई दोन आठवडे होत्या आणि त्यांच्या स्लाइड लावायचं काम माझ्याकडे होतं. एकदा व्याख्यान संपल्यावर त्या सिंकपाशी उभ्या राहून स्वतःच्या परीक्षानळ्या स्वतः धुताना दिसल्या. आमच्याकडे प्राध्यापक माणूस नळी धूत नाही. मी धावत गेले, तर म्हणाल्या, तुझं काम तू कर, हे माझं आहे. त्या वाक्याने मी पार हलले. माझं काम काय आहे, हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

परत गेल्यावर त्यांनी मला घरच्या पत्त्यावर अर्जांचा जाडजूड पुडका पाठवला. अर्जात पत्रव्यवहाराचा पत्ता द्यायचा होता, विभागाचा किंवा घरचा. इथे मी शहाणपणा केला. आमच्या विभागप्रमुखांच्या टेबलाला एक खण होता. त्यात गेलेला कागद बाहेर येत नाही, अशी त्याची ख्याती होती. एका सहकाऱ्याचं परिषदेचं आमंत्रण परिषद उरकल्यावर त्या खणातून निघालं होतं. साहेब मुद्दाम करतात असं सगळे म्हणायचे आणि मला तर कुणाबद्दलही वाईट पटकन पटायचं. मी घरचा पत्ता घातला.

आता घरचा पत्ता म्हणजे काय, तर सोसायटीचं नाव आणि समोरचं किराणा दुकान. घरांना नंबर होते पण दोन वेगवेगळ्या बिल्डरांनी टाकल्यामुळे तेच नंबर दोनदा आले होते. पोस्टमनने त्या भानगडीतून स्वतःला सोडवून घेतलं होतं. तो सगळं टपाल किराणा दुकानात टाकून जाई. दुकान एका म्हाताऱ्या मारवाडी काकांचं. त्यांना एकच व्यसन होतं, टपालाची तिकिटं जमवायचं. गादीखाली जाड आल्बम असे आणि गिऱ्हाईक नसलं की ते भिंग घेऊन त्यात बसत. माझा पुडका आला तेव्हा त्यावर चार मोठी तिकिटं होती, एकावर बर्फात उभं असलेलं शिंगाळं जनावर. काकांनी पुडका माझ्या हातात देताना तो सोडलाच नाही.

"बेटी, ये मुझे मिलेगा क्या?"

मला त्या दिवशी राजेपण आलं होतं. मी म्हटलं, "घ्या काका. आणि आता यापुढे तिकडून जे येईल त्याचं तिकीट तुमचंच. आल्या आल्या कापून घ्या. मला विचारायचीसुद्धा गरज नाही."

त्यांनी कात्री काढली आणि तिकिटांच्या भोवतीचा कागद धरून सगळा कोपरा कापला. तिकीट कधी नखाने उचकटायचं नाही, कागदासकट कापायचं आणि पाण्यात सोडायचं, असं त्यांनी मला समजावून दिलं. मी कौतुकाने बघत राहिले.

अर्ज गेला. मग आबांना सांगायची वेळ आली. तोवर घरात फक्त मायला ठाऊक होतं, आणि तिला एवढंच कळलं होतं की असाच एक जाड पुडका पुन्हा आला की पोरगी विमानाने जाणार. आबा मागांच्या आवाजात वीस वर्षं काढलेले. त्यांचं साधं बोलणंही अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. त्यामुळे माझं परदेशी जाणं पहिल्यांदा गल्लीला कळलं आणि मग त्यावर घरात विचार झाला. आबा ओरडले नाहीत, म्हणजे त्यांच्या मानाने. बराच वेळ तंबाखू मळत राहिले. नंदुरबारचं एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा सरकारी कचेरीत लिपिक, माणसं बरी. ते उत्तराची वाट पाहत होते.

"अखाजीपावत कागद उना तं खुशाल जाय," आबा म्हणाले. "नही उना तं नंदुरबारवालास्ले मी हो सांगसू. मंग रडानं नही."

अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आम्हा खानदेशी लोकांचा दिवाळीहून मोठा सण. त्या आठवड्यात सुरतेतले निम्मे माग बंद पडतात कारण चालवणारे गावी जातात. कागद यायला तोवर चार महिने होते. प्राध्यापिकांनी लिहिलं होतं की निर्णय फेब्रुवारी-मार्चमध्ये कळेल. मला तो सौदा माझ्या फायद्याचा वाटला. मी हो म्हटलं. त्या घरात कुणी माझ्याशी सौदा केला होता, याचाच मला अभिमान झाला होता.

फेब्रुवारी गेला. मी रोज संध्याकाळी दुकानाशी थांबायची. काका मान हलवायचे. मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या आणि मला अंधार पडेपर्यंत विभागात थांबावं लागे. त्यातच एके दिवशी पाहते तर काकांच्या गादीवर त्यांचा पुतण्या. काका देसला गेले, म्हणजे राजस्थानात आपल्या गावी, नातवंडाचं लग्न आहे, महिनाभर येणार नाहीत. मी पुतण्याला विचारलं, परदेशचं काही आलं का? त्याने गल्ल्याखालचं टपाल चाळलं. काही नाही. त्या दिवसापासून मी पुतण्याला रोज विचारत गेले आणि तो रोज नाही म्हणत गेला. पुढे पुढे तर मी दुरून दिसले तरी तो नकाराचा हात हलवायचा.

घरातही त्याच सुमाराला काहीतरी बिनसलं. एक दिवस परीक्षेहून आले तर माय दारात ओल्या केसांनी बसलेली. संध्याकाळची वेळ, चूल थंड, भाऊ बाहेरून आणलेले पाव खात होते. काय झालं विचारलं तर म्हणाली, डोकं दुखस. पुढचे तीन दिवस तिने देवापुढे दिवा लावला नाही, मला लाव म्हणाली. पाडव्याला आमच्याकडे गुढी उभारली गेली नाही. साखरेची गाठी आबांनी आणलेली तशीच खुंटीला राहिली. लेस लावता लावता ती मधेच थांबायची आणि माझ्याकडे बघायची, मी बघितलं की मान खाली. मी तिच्या त्या बघण्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला. हिला मी जायला नको आहे. हिला घरात हाताखाली माणूस हवं आहे. मनातल्या मनात मी तिच्याशी भांडायला लागले आणि एकदा मनात भांडायला लागलं की माणूस समोर काहीही करो, ते गुन्ह्यातच जमा होतं.

एप्रिल उजाडला. उन्हाने पत्रे तापायचे, मागांची धडधड, वर लेसच्या गोणींचा तो कोंदट वास. मला झोप लागेना. दिवस मोजायची इतकी सवय लागली की प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब पडताना मी थेंबांऐवजी तारखा मोजत होते. सगळं उलट्या मोजणीने चाललेलं आणि शेवटी नंदुरबार. त्या लिपिकाचा फोटो आला होता. माणूस वाईट दिसत नव्हता. ते आणखीच भीतीदायक होतं, कारण नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं.

अखाजीला आठवडा राहिला आणि काका परत आले. मी फाटकातून सुटून घरी येत होते. त्यांनी लांबूनच हाक मारली. चेहरा लग्नघरातून आलेल्या माणसासारखा फुललेला. गादीखालून आल्बम काढून त्यांनी पान उघडलं.

"देख तेरा टिकट. ऐसा दूसरा सूरत में किसी के पास नहीं."

निळं तिकीट होतं, त्यावर एक दीपस्तंभ. त्याच्यावर त्या देशाचा गोल शिक्का, तारखेसकट. तारीख मार्चच्या पहिल्या आठवड्यातली. मला वाचताना अक्षरं दोन-दोन दिसायला लागली.

"काका, हे कधी आलं?"

"मैं देस गया ना, उसी दिन दोपहर को. टिकट काट लिया और लिफाफा जल्दी-जल्दी में तेरी माँ के हाथ में दिया. वो नल पे खड़ी थी. क्यों, मिला नहीं?"

रस्ता ओलांडून घरात आले. माय पीठ मळत होती. मी दारातूनच विचारलं, "माय, तो कागद कोठे शे?"

तिचे हात पिठातच थांबले. कोणता कागद, असं तिने विचारलं नाही. हे मला चांगलं आठवतं.

"त्या कागदनं नाव काढू नको," ती म्हणाली.

"कोठे शे?"

"फाडी टाका. खाडीमा टाकी दिना."

"कसाले?"

"तसा कागद घरमा ठेवतस नही," ती म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून.

आमच्या घरात राग आला की बोलणं बंद होतं, ते वळण माझ्यात पुरेपूर उतरलं आहे. पण त्या संध्याकाळी मी मायकडे पाहिलं ते कुणा परक्या बाईकडे पाहावं तसं. हिने माझं आयुष्य फाडून खाडीत टाकलं आणि आता भाकरी थापते आहे. मी जेवले नाही. तिने आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्वत पाटिया भागात जाऊन एका फॅक्सवाल्याकडून मी तिकडे फॅक्स केला. पत्र हाती आलं नाही, मी यायला तयार आहे, कृपया कळवावं. उत्तरासाठी विभागाचा नंबर दिला, दुसरा नंबर होताच कुठे. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. फॅक्सचा गुळगुळीत कागद त्यांच्या हातात होता आणि तो त्यांनी खणात टाकलेला नव्हता. त्यांनी स्वतः वाचून दाखवला. तुमची निवड झाली होती. महिन्याभरात होकार कळवायचा होता. होकार न आल्याने जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली आहे, दिलगीर आहोत, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

साहेबांनी चष्मा काढला. "बेन, तमारी शिफारस में पेला नंबरे करी हती," ते म्हणाले. मग मराठी नीट येत नसताना माझ्यासाठी मुद्दाम मराठीत म्हणाले, "घरचा पत्ता कशाला दिला?"

त्यांना काय सांगणार? तुमच्या खणाची भीती वाटली म्हणून? मी मान खाली घालून बाहेर आले. पुढचं वर्ष माझ्या सौद्यात नव्हतं. आबांनी त्याच संध्याकाळी नंदुरबारला निरोप धाडला. ते त्यांच्या शब्दाला जागले, मला त्यांच्यावर रागावायलाही जागा ठेवली नाही. सगळा राग मायसाठी शिल्लक राहिला.

अखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही उधन्याहून गाडीत बसलो. आबा आणि भाऊ दुसऱ्या डब्यात सापडलेल्या जागेवर, मी आणि माय समोरासमोर. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा. नंदुरबार आलं तेव्हा मी खिडकीकडे पाठ केली. माय मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. तिने पाण्याचा घोटही घेतला नाही. मी ठरवून टाकलं होतं की गावात, तिच्या माहेरच्या माणसांपुढे, एकदाच सगळं बोलायचं. हिच्या भावाला, बहिणीला कळू दे ही कशी आहे ते. वाक्यंसुद्धा तयार होती. प्रत्येक स्टेशनाला मी ती धार लावून पुन्हा म्हणत होते.

अमळनेरहून बसने फाट्यावर उतरलो आणि माय चालायला लागली ती मला मागे टाकून. पायात चप्पल आहे की नाही याचं भान नसल्यासारखी. मामांचं घर आधी लागतं, तिथे ती थांबली नाही. ती गेली मावशीकडे. मावशी म्हणजे तिची थोरली बहीण, दम्याची. हिवाळ्यात ती फार आजारी होती असं आम्हाला कळलं होतं. मावशी अंगणात डांगर, म्हणजे खरबूज, चिरत बसली होती, हात केशरी झालेले. मायने तिला पाहिलं आणि जागच्या जागी खाली बसली.

"आक्का, तू शेस ना?"

"मी नही तं कोन शे?" मावशी म्हणाली. "अशी कसाले रडस?"

मायने मावशीच्या तोंडावरून हात फिरवला, तिचे चिकट हात धरले. मग उठली आणि मामांकडे गेली. मामांना बघितलं, मामींना बघितलं, खाटेवरच्या तिच्या म्हाताऱ्या वडिलांच्या पायांना हात लावला. चुलत्यांच्या घरी गेली. गल्लीतल्या प्रत्येक दारात डोकावली, नावाने हाक मारली, आणि ओ आली की पुढे. मी तिच्या मागे मागे. माझी तयार वाक्यं तोंडातच होती. शेवटच्या घरातून बाहेर पडली तेव्हा ती हसत होती आणि रडत होती. माझ्या दंडाला धरून तिने मला लिंबाच्या झाडाखाली नेलं, जिथे पोरींनी अखाजीचा झोका बांधला होता.

"बठ्ठा जित्ता शेतस," ती म्हणाली. "मंग त्या कागदमा कोन मरी गयं व्हतं?"

आणि मग मला ते पाकीट दिसलं, जे मी कधी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे मरणाची बातमी पत्राने आली तर पत्राचा कोपरा फाडलेला असतो. पाहताक्षणी कळावं म्हणून. असं पत्र घरात न्यायचं नाही. दाराबाहेरच वाचून घ्यायचं, फाडून टाकायचं, अंघोळ करायची. मायला वाचता येत नाही. कोपरा मात्र कळतो. पाकिटावर इंग्रजी अक्षरं होती, आणि आमच्या घरात तोवर इंग्रजीतून आल्या होत्या त्या फक्त तारा, प्रत्येक वेळी कुणीतरी गेल्याच्या. माझं पत्र जाड पुडक्यातून येणार अशी तिची समजूत होती, ती समजूतही माझ्यामुळेच. हे तर एक पातळ पाकीट, कोपरा उडवलेलं. नळावरच्या बायकांनीही हेच सांगितलं असणार, घरात नेऊ नको. माझी परीक्षा चालू होती म्हणून तिने मला सांगितलं नाही. कोण गेलं ते विचारायला फोन केला नाही कारण विचारलं असतं तर पत्र न वाचता फाडल्याचं कबूल करावं लागलं असतं. दीड महिना ती एकटी आपल्या माणसांपैकी कुणाला रडावं ते न कळून सगळ्यांनाच रडत होती. आणि मी समोर बसून तिच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या गुन्ह्यात जमा करत होते.

कोपरा काकांनी कापला. कापा, असं मीच सांगितलं होतं. विचारायचीसुद्धा गरज नाही, असंही.

"सांग ना," माय म्हणाली. "तुले इंग्रजी येस. कोन मरी गयं व्हई?"

मी मरून गेले होते त्या कागदात, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. मला तिला सांगायचं होतं. तिला कळावं, तिने छाती पिटावी, निदान एका माणसाने तरी माझ्यासाठी रडावं, असं मला फार फार वाटलं. मी तिच्याकडे पाहिलं. दीड महिन्यात ती किती वाळली होती ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"दुसरास्ना व्हई तो कागद, माय," मी म्हटलं. "घरस्ना नंबर सारखा शेतस ना. पोस्टवाला चुकना व्हई."

"दुसरास्ना!" तिने सुटकेचा निःश्वास टाकला. लगेच तिचा चेहरा पडला. "अरे देवा. मी तं फाडी टाका. त्यास्ले तं मालूमच नही व्हई."

दुसऱ्या दिवशी अखाजी. सकाळी घागरी भरल्या गेल्या, पितरांच्या नावाने त्यांच्यावर आंबे आणि डांगराच्या फोडी ठेवल्या. मग मामांनी चुलीतले निखारे पाटावरच्या मातीत काढले आणि आगारी टाकायला सुरुवात केली. घरातून गेलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन पुरणपोळी आणि तुपाचा एक घास निखाऱ्यावर टाकायचा, तो जळला की त्या माणसाला पोचला. पणजोबा, आजी, लहानपणी गेलेला एक मामा. नावं संपली. मामा उठायला लागले तेव्हा माय पुढे सरकली. तिने पोळीचा मोठा तुकडा तोडला, त्यावर तुपाची धार धरली आणि माझ्याकडे वळली.

"त्या कागदवालानं नाव काय लेऊ?" तिने हळूच विचारलं.

"नाव नको लेऊ," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. "जो कोनी व्हई, त्याले पोचो," म्हणाली आणि घास निखाऱ्यावर ठेवला. तूप चरचरलं. पोळी कडेने काळी होत गेली. आमच्यात आगारीचा घास पूर्ण जळेपर्यंत कुणी उठत नाही, म्हणून मीही तिच्या शेजारी, तिच्या खांद्याला खांदा लावून, तो जळेपर्यंत बसून राहिले.